बाटलीतला पाईप

धर्मराज कोळी पूर्वी उरणजवळच्या मोरा बंदरात होड्यांची इंजिने दुरुस्त करायचा. पुढे त्याने पनवेलला गॅरेज टाकले. डिझेलचा नवा पाईप तो कधीच लगेच बसवत नसे. आधी एक तुकडा डिझेलच्या बाटलीत दोन दिवस बुडवून ठेवी. मला त्याचे हसू यायचे.

१९९३ साली माझ्या जुन्या डिझेल गाडीचा पाईप गळू लागला. मी तो घाईत दुसरीकडून बदलून घेतला आणि उरलेला तुकडा धर्मराजला दिला. तिसऱ्या दिवशी घाटावर निघताना त्याच्याकडे डोकावलो. बाटलीतला तुकडा अंगठ्याएवढा फुगला होता. त्याने चिमटीत धरताच तो ओल्या पावासारखा तुटला.

"काका, हा पान्याचा पाईप हाय, डिझेलचा नाय! कुटं चाललाव?"

"घाटावर, मुलीला आणायला. आठवा महिना आहे."

त्याने बॉनेट उघडले. गाडीतला पाईपही तसाच फुगला होता. इंजिनावर डिझेल ठिबकत होते.

"होडी पेटली तर पान्यात उडी मारता येते. घाटात कुटं मारनार?"

मी तिथेच टायरवर बसलो. त्याने आधीच बाटलीत टिकलेल्या जातीचा पाईप बसवून दिला.

मुलगी सुखरूप घरी आली. हे तिला मी अजून सांगितलेले नाही.