वरचा दिवा, खालचा दिवा

हे मी आजवर कुणाच्या कानावर घातलेलं नाही. नवऱ्याच्या नाही, लेकरांच्या नाही. देवासमोर हात जोडून उभी राहिले तेव्हासुद्धा दुसरंच काहीतरी मागून आले. देवाला माहीतच असेल, मग बोलून कशाला दाखवायचं — अशी आपलीच आपण समजूत घालत आले. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. ओळखीच्या माणसापुढे तोंड उघडायची छाती अजून झालेली नाही.

आधी दिव्यांचं सांगावं लागेल. ते कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. (आणि तेवढाच वेळ माझंही पुढं ढकललं जाईल — एवढं समजतं मला.)

आमचं गाव लोह्याकडच्या एका धरणाच्या काठावर. जुनं गाव पाण्याखाली गेलं, नवं टेकडीच्या अंगाला वसलं. तलाव म्हटलं की लोकांना शेततळं आठवतं, पण आमचं पाणी एवढं मोठं की पलीकडच्या काठावर बाई उभी आहे का बुवा, ते कळत नाही. समुद्रावर जहाजांसाठी उंच दीपस्तंभ असतात म्हणे. मी ते टीव्हीवरच पाहिलेत. आमच्याकडे टेकडीवरच्या देवळाची दगडी दीपमाळ होती. पूर्वी म्हणे तिच्यावर त्रिपुरी पौर्णिमेला तेवढे दिवे लागत. धरण झालं, घरातली माणसं मासेमारीला लागली, आणि तिच्या वरच्या कोनाड्यात रोज संध्याकाळी कंदील टांगायला लागली. हा वरचा दिवा. खाली, होड्या लागायच्या तिथं, बाभळीचा एक खुंट पुरलेला. त्याच्यावर दुसरा कंदील. हा खालचा.

दोन कशाला? तर लांबून येताना खालचा दिवा बरोबर वरच्याच्या खाली दिसला, की होडी जुन्या गाडीवाटेवर आहे असं समजायचं. गाडीवाट म्हणजे बुडालेल्या गावातला मोकळा रस्ता. त्याच्या एका अंगाला घरांच्या भिंती, दुसऱ्या अंगाला जुनी बारव, पायऱ्यांची दगडी विहीर. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बारवेचा काठ पाण्याखाली हातभरच राहायचा. दिसायचा नाही, पण होडीला लागायचा. म्हणून दोन दिवे एका रेघेत पाहिजेत. मी लग्न होऊन आले तेव्हा अंगाची हळद निघायच्या आत सासूनं मला त्या खुंटापाशी नेलं होतं. म्हणाली, "ह्यो खुंट सोडून कंदील कुठं न्यायचा न्हाई, शांते. त्याच्यावर आपली माणसं हायती."

म्हणजे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. हे आत्ताच सांगून ठेवते.

वरचा दिवा थोरल्या सुनेचा, खालचा धाकटीचा, अशी घरातली वाटणी. थोरली म्हणजे माझी जाऊ, केवळाबाई. आम्ही सगळे तिला अक्का म्हणायचो. मी दहावी पास झालेली, रंगानं उजळ, साडीच्या निऱ्या चापूनचोपून घालणारी. अक्का काळी, पुढचा दात पडलेला, अंगठा उठवणारी. तरी घरात काही झालं की सगळ्यांच्या तोंडी अक्काच. भाजीत मीठ जास्त पडलं तर अक्काला हाक, लेकरू रडलं तर अक्काला हाक. माझं स्वतःचं पोरगंसुद्धा तापात तिच्या मांडीवर झोपायचं. आणि ती माझ्याशी वाईट वागली का? एकदाही नाही. तेच तर सोसवत नव्हतं! ती जरा वाकड्यात शिरली असती तर मी सरळ भांडले असते, मोकळी झाले असते. चांगल्या माणसाचा राग करणं फार अवघड असतं हो. तो कुणाला सांगता येत नाही, मग आतल्या आत शिजत राहतो.

आमचे मालक आणि थोरले दीर — त्यांना सगळे दादा म्हणत — दोघं एकाच होडीवर. दुपार कलल्यावर जाळी टाकायला जायचे, दिवेलागण होऊन अंधार पडला की परतायचे. एकदा जेवताना मालक सहज बोलून गेले, "वहिनीचा दिवा दिसला की घर आल्यावाणी वाटतंय."

घर आल्यावाणी! आणि मी? मी खाली चिलटं मारत उभी राहायचे ती कुणासाठी? माझा दिवा खडकाआड होता, होडी बरीच जवळ आल्याशिवाय दिसायचाच नाही. वरचा उंचावर, तो आधी दिसणारच. यात अक्काचं काय कौतुक आणि माझी काय चूक? एवढं कळत होतं मला. पण जळत होते. अगदी स्पष्ट सांगते, माझा जळफळाट व्हायचा. त्यांच्यात भलतंसलतं काही नव्हतं, मालक तिला आईसारखं मानायचे. मला त्या मानण्याचाच हेवा वाटायचा.

मग ती काच आली.

माझ्या कंदिलाची काच तडकलेली होती. मी तिला वहीचा कागद चिकटवून दिवस काढत होते. मालक लोह्याच्या बाजाराला गेले आणि येताना नवी काच घेऊन आले. धोतराच्या घडीत गुंडाळून, जपून. मी हात पुढे केला. ते म्हणाले, "तुझी चालती की अजून. वर वारं लई असतंय, ही वहिनीला दे." आणि मीच ती वर नेऊन दिली. अक्कानं पदरानं पुसून उजेडाला धरून पाहिली आणि हसली. त्या हसण्यावर मी किती रात्री कूस बदलत काढल्या, ते तिला कधी कळलं नाही.

आता येते त्या संध्याकाळवर. उन्हाळा होता, पाणी पार उतरलेलं. मी कंदील लावला. रोजच्यासारखा खुंटावर टांगायला गेले — आणि टांगला नाही. खुंटाच्या बाजूला तो खडक होता, ज्याच्याआड माझा दिवा लपायचा. मी खडकावर चढले आणि कंदील त्याच्या माथ्यावर ठेवला. तिथून तो लांबवर दिसणार होता. म्हटलं, आज पाण्यावरून आधी माझा दिवा दिसू दे. एकदा दिसू दे. घरी येऊन काय म्हणतात ते बघू.

दिवा रेघेबाहेर जातोय, हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. मग काय वाटलं? की माणसं रोजची आहेत, वाट पाठ आहे, अंदाजानं येतील. आणि — हेही सांगते — कुठंतरी असंही वाटलं, की होडी जराशी आडवळणाला गेली, चिखलात रुतली, तर चूक कुणाची म्हणून नाव वरच्या दिव्याचं निघेल. एकदा तरी निघेल. एवढंच वाटलं होतं. पण वाटलं होतं.

होडी बारवेच्या काठावर आपटली. आवाज आधी आला, मग मालकांची हाक. दादा पुढच्या टोकाला बसले होते. धडक टाळायला त्यांनी पाय बाहेर काढून दगडाला रेटा दिला, आणि तो पाय दगड आणि होडी यांच्यामध्ये सापडला. मालक पाण्यात उतरून "धावा, धावा" ओरडत होते.

तुम्ही असता तर कुठं धावला असता? पाण्याकडे ना? बाई कशीही असो, नवऱ्याची अशी हाक ऐकल्यावर ती पाण्याकडेच धावेल.

मी खडकाकडे धावले. कंदील उचलला, आणून खुंटावर टांगला, नीट टांगलाय का बघितलं, आणि मग पाण्याकडे गेले.

हेच सांगायचं होतं. दिवा हलवला तो हेव्यापोटी, पण परत जागेवर आणला तो पूर्ण शुद्धीत. दादा तिकडे किंचाळत होते आणि मी कंदिलाची कडी नीट बसवत होते.

दादांना काठावर आणलं तेव्हा मालक पुन्हा पुन्हा एकच म्हणत होते, "दोन्ही दिवे रेघेतच धरले व्हते की, मग असं झालं कसं?" धावून आलेल्या सगळ्यांनी खुंटाकडे पाहिलं. माझा कंदील जागेवर जळत होता. मग सगळ्यांनी वर पाहिलं. अक्का टेकडी उतरून अनवाणी धावत आली होती, दादांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिनं माझ्याकडे तोंड वर करून विचारलं, "शांते, वारं सुटलं व्हतं गं. माझा कंदील हालला व्हता का?"

मी म्हणाले, "हाव अक्का. जरा हाललेला दिसला."

नांदेडच्या दवाखान्यात दादांचा पाय वाचला, पण गुडघ्यात वाकेना. त्या पायानं होडीवर जाणं संपलं. त्यांचा मुलगा औशाला पंक्चरच्या दुकानात कामाला होता, त्याच्याकडे दोघं निघून गेले. जायच्या दिवशी अक्का दीपमाळेवरून तो कंदील काढून माझ्याकडे घेऊन आली. काच सोडवून माझ्या हातात दिली. म्हणाली, "तुझी फुटकी हाय. ही लाव. आता दोन्ही दिवे तूच बघ." मी ती काच घेतली. माझ्या कंदिलाला अगदी बरोबर बसली.

दोन्ही दिवे पुढं कितीतरी वर्षं मीच लावले. रोज टेकडी चढले, उतरले. गावात म्हणायचे, शांताबाईनं सांभाळलं हो सगळं. मालक घर आल्यावाणी वाटतंय असं पुन्हा कधी बोलले नाहीत. आता काठावर सोलरचा दिवा आहे, आपोआप लागतो. माझ्या हातातलं कामही गेलं.

गेल्या महिन्यात अक्काच्या नातीचं बारसं होतं, म्हणून औशाला गेले. लातूरवरून बस, पुढं रिक्षा. अक्का वाळून काटकी झालीये. दादा दारात खुर्चीवर, पाय समोर ताणून. हसून म्हणाले, "ये शांता, कशी हायेस?" संध्याकाळ झाली. सुनेचे हात कणकेत होते. तुळशीपुढं दिवा लावायचा राहिला होता. अक्का दिव्याशेजारीच बसली होती, काड्यापेटी तिच्या हाताशीच. पण ती हात लावीना. मला वाटलं गुडघे दुखत असतील.

सून आतून म्हणाली, "काकू, त्या न्हाई लावत. मामंजींचा पाय मोडल्यापासून कधीच दिवा न्हाई लावला त्यांनी. लाईटचं बटनसुद्धा मलाच दाबाया लावतेत."

अक्कानं काड्यापेटी माझ्यापुढं सरकवली. "तू लाव, शांते. तुझा हात चांगला हाय."

मी काडी ओढली. दिवा लगेच लागला. अक्कानं त्याला हात जोडले, दादांनी खुर्चीवरूनच जोडले. मग अक्का मला म्हणाली, बस, च्या टाकायला सांगते. मी बसले. चहा आला, तो प्यायले.