अकरा मार्क आणि एक खिडकी

तलवाड्याच्या रोहिणीला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून तीनशेपैकी एकशे नऊ मार्क पडले. पास झाली. घरातली पहिली बारावी पास म्हणून तिच्या बापानं, बंकटनं, गावभर पेढे वाटले. मेंढ्या राखणारा माणूस, पण पेढ्यांचा पुडा घेऊन पार गावातल्या बड्या आप्पारावाच्या ओट्यापर्यंत गेला. आणि दुसऱ्याच दिवशी पोरगी गेवराईला माझ्या दारात उभी.

"सर, डॉक्टरकीचा अर्ज करायला एकशे वीस लागतेत. अकरा मार्क कमी पडायलेत."

मी फिजिक्सचा निवृत्त मास्तर. म्हटलं, "अकराच ना? वर्षभरात होतील."

"अकराचं न्हाई सर. मला कायच येत न्हाई. ते शिकवा."

तीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य मला एकाही विद्यार्थ्यानं ऐकवलं नव्हतं. येत सगळ्यांनाच नव्हतं.

बोर्डाची श्रेणीसुधार म्हणून सोय आहे. पास झालेल्यालाही सगळे विषय घेऊन पुन्हा परीक्षेला बसता येतं. पण गावाला हे कोण समजावणार? पास झालेली पोरगी परत बारावीला बसते म्हणजे डोक्यावर परिणाम झालाय, नाहीतर आधीचा निकाल खोटा होता. आप्पारावानं भर पारावर विचारलं, "मंग आमी खाल्लेले पेढे काय परत करायचे का गं?"

"ऱ्हाऊ द्या पोटात," रोहिणी म्हणाली. "फुडच्या साली आणखी आणते."

तिची आई साखराबाई मला म्हणाली, "सर, हिची जीभ लई चालती. डोकं बी तेवढं चालतंय का बगा."

डोकं चालत होतं. त्याला आजवर कुणी कामच दिलं नव्हतं. तिच्या कॉलेजात प्रयोगशाळेचं कुलूप वर्षातून एकदा निघायचं, तेही तपासायला कुणी आलं तर. शिकवायची गरज कुणाला नव्हती, कारण परीक्षेच्या दिवशी खिडकी होती. पेपर सुरू झाला की अर्ध्या तासात प्रश्न बाहेर, तासाभरात उत्तरं आत. बाप, चुलते, मामा झाडून सगळे खिडक्यांना लटकलेले. आपल्याकडे ज्याला लेकरू प्यारं, तो पाइपावर चढतो. हे केंद्र कोणतं म्हणून विचारू नका. मी स्वतः पर्यवेक्षक म्हणून अशा वर्गांत वीस वर्षं खिडकीकडे पाठ करून उभा राहिलोय, त्यामुळे नाव घ्यायला मला तोंड नाही.

रोहिणीच्या वेळी नेमकं फिजिक्सच्या दिवशी भरारी पथक आलं आणि खिडक्या रिकाम्या झाल्या. बंकट तर मेंढ्या घेऊन गोदावरीच्या पलीकडे गेलेला. त्याच्या मनानं घेतलं की पोरीचे मार्क आपल्यामुळेच गेले.

"समद्यांचे बाप खिडकीला व्हते सर, मीच न्हवतो," तो मला म्हणाला.

"पथक आलं होतं, बंकट. कुणाचाच बाप नव्हता."

"तरी मी यायला पायजे व्हतं."

रोहिणी रोज सकाळी मेंढ्यांचा वाडा झाडून एसटीनं गेवराईला यायची. मी तिला आठवीच्या पुस्तकापासून सुरुवात करायला लावली. बारावी पास पोरीला आठवीचं पुस्तक! दुसरी कुणी असती तर रडली असती. ही पान उलटून म्हणाली, "हे बी न्हाई येत. चला." दिवाळीपर्यंत बारावीला पोचलो. तिची एक चूक मात्र जाता जाईना. गणितात तापमान सत्तावीस अंश दिलं, की ती सत्तावीसच सूत्रात घालायची. दोनशे त्र्याहत्तर मिळवून तीनशे केल्व्हिन करायचे, हे शंभरदा सांगून झालं. एकदा माझं डोकं फिरलं आणि मी वही अंगणात भिरकावली. ती उठली, वही उचलली, झटकली आणि पुन्हा समोर बसली.

"फेका की. मी बी आणीन परत."

त्या दिवशी घरी जाऊन तिनं वाड्याच्या पत्र्यावर खडूनं हातभर मोठं '२७३' लिहिलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटायचं, बंकटनं मेंढ्या मोजून आकडा टाकलाय. त्याच्याकडे साठसुद्धा नव्हत्या. लोक विचारायचे, "बंकट, बाकीच्या कुटं गेल्या बे?" बंकटही खुळ्यासारखा पत्र्याकडे बघत बसायचा. पण त्यानं तो आकडा कधी पुसला नाही.

परीक्षेच्या आधी रोहिणीनं बापाला बिरोबाची आण घातली. खिडकीपाशी यायचं नाही. इंग्रजी-मराठीपर्यंत बंकटनं आण पाळली. फिजिक्सच्या दिवशी मी तिला सोडून केंद्राबाहेरच्या लिंबाखाली थांबलो होतो. यंदा दारावर कॅमेरा होता, व्हरांड्यात बैठं पथक होतं. खिडकीवर काही नव्हतं, कारण खिडकीबद्दल वरून पत्र आलं नसावं. तासाभरानं मागच्या भिंतीकडे बघतो तर धोतर खोचून, कुणाकडून तरी उत्तरं लिहून घेतलेली चिठ्ठी दातांत धरून बंकट पाइपावर चढतोय!

चिठ्ठी रोहिणीच्या बाकावर सापडली तर कॉपी केस. हा पेपर तर जाईलच, पुढच्या परीक्षांनाही बसू देणार नाहीत. अकरा मार्क राहिले बाजूला, वर्षभराची मेहनत बापाच्या मायेनंच बुडणार. मी ओरडायला तोंड उघडलं, आणि आवाजच फुटेना. सवयच नव्हती ना! बंकट पहिल्या मजल्यावर पोचला, गजांतून हात घातला आणि चिठ्ठी आत टाकली.

मग चुरगळलेली चिठ्ठी बाहेर आली आणि नेमकी बंकटच्या तोंडावर बसली. पाठोपाठ आवाज आला. तो मी ऐकला, व्हरांड्यातल्या पथकानं ऐकला, रस्त्यावरच्या रसवंतीवाल्यानंसुद्धा ऐकला.

"आबा, खाली उतरा! मला येतंय!"

बंकट खारकेसारखं तोंड करून खाली आला. तेवढ्यात आतला पर्यवेक्षक खिडकीशी आला. पोरसवदा मास्तर होता, घामानं भिजलेला. त्यानं बाहेर पाहिलं आणि खिडकी लावून घेतली. एवढंच करायचं होतं. मला वीस वर्षांत ते जमलं नव्हतं, आणि त्याची लाज मला त्या लिंबाखाली वाटली. बंकट मात्र चिठ्ठी मुंडाशात खोचून तरातरा निघून गेला. दोन महिने तो लेकीशी धड बोलला नाही.

मे महिन्यात निकाल लागला. तीन विषयांत मिळून दोनशे चौदा, फिजिक्सला एकाहत्तर. तोवर तिनं डॉक्टरकीची 'नीट' प्रवेशपरीक्षाही दिली होती. तिथं नंबर लागेल न लागेल, पण आता मार्क कमी म्हणून तिला दारातून कुणी हाकलू शकत नव्हतं. मी तलवाड्याला गेलो तर साखराबाई चुलीपुढे एकटीच हसत बसलेली आणि बंकट अजून घुश्शात.

"एकाहत्तर!" तो म्हणाला. त्यानं मुंडाशातून तीच चिठ्ठी काढून लेकीपुढे धरली. "ही घेतली असती तर नव्वद पडले असते. कावून फेकलीस?"

रोहिणीनं चिठ्ठी पहिल्यांदाच उघडली. वरपासून खालपर्यंत वाचली आणि तिसऱ्या उत्तरावर बोट ठेवलं.

"आबा, हे चुकलंय. ह्यात दोनशे त्र्याहत्तर मिळवायचे ऱ्हायलेत."

बंकटनं पत्र्याकडे पाहिलं. पुन्हा चिठ्ठीकडे पाहिलं. "म्हंजी... तो पत्र्यावरचा आकडा?"

"तोच."

तो वाड्याच्या दारात बसला. "आन् मी हे द्यायला चढलतो व्हय," एवढंच म्हणाला.

मीही त्याच्या शेजारी टेकलो. वीस वर्षांत माझ्या पाठीमागून शेकडो चिठ्ठ्या आत गेल्या. त्यांतली एकही मी उघडून वाचली नव्हती.

"असं तोंड पाडून बसू नका दोघं," रोहिणी म्हणाली. "आबा, पेढे आणा. पयला पुडा आप्पारावकाकाच्या ओट्यावर, आन् तो मी नेणार हाय."