पाकिटांचा आठवडा

वर्ष सरत आलं की त्या सात मजली इमारतीत सगळ्यांना एकाएकी काकांचा पुळका येतो. एरवी मान वर न करणारी माणसं टेबलापाशी थांबून "काय काका, तब्येत बरी ना?" म्हणतात आणि बक्षिसीचं पाकीट पुढे सरकवतात. काका म्हणजे पुढच्या दारावरचे वॉचमन. वय सत्तावन्न, पण पाऊणशे वर्षांच्या बाईसुद्धा त्यांना काकाच म्हणतात. पाकीट देणाऱ्यासमोर उघडायचं नाही, चाचपायचंही नाही, हसून खिशात टाकायचं, हा त्यांचा नेम.

यंदा मात्र काकांचं पाकिटांत चित्त नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई दहा दिवसांत टेबलाकडे फिरकल्या नव्हत्या.

बाई निवृत्त शिक्षिका, एकट्या राहणाऱ्या. स्वतःचा पेपर त्यांनी कधीच बंद केला होता. काकांना बारीक अक्षर दिसत नव्हतं. चौथ्या मजल्यावरच्या वकिलांचा पेपर येतो सहाला आणि वकीलसाहेब उठतात नऊला. तेवढ्या वेळात बाई काकांच्या शेजारी बसून तो मोठ्यानं वाचत आणि मग अशी घडी घालत, की वकिलांना वाटावं पेपर कोरा करकरीत आहे. सध्या नव्या पुलाचं प्रकरण रंगलं होतं. पूल बांधून झाला आणि एका टोकाला रस्त्यापेक्षा हातभर उंच निघाला. चूक कुणाची, यावर दोघांची रोज जुंपायची.

"बाई हल्ली मागच्या जिन्यानं जातात," झाडूवाल्या मावशी म्हणाल्या. "एकेक पायरी कठडा धरून. लिफ्ट काय वाईट आहे?"

काकांना कारण लगेच उमगलं. लिफ्टचं दार त्यांच्या टेबलासमोरच उघडायचं. मुलानं हात आखडता घेतल्याचं बाईच एकदा बोलून गेल्या होत्या. यंदा पाकीट जमत नव्हतं, म्हणून दुखरे गुडघे घेऊन बाई तो अंधारा जिना उतरत होत्या. एखाद्या दिवशी पाय घसरला तर?

त्यांनी मागच्या फाटकावरच्या मिशीवाल्या वॉचमनला गाठलं. "आठवडाभर तू पुढे बस. मी इथे बसतो."

"पाकिटांच्या आठवड्यात? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"बस म्हटलं ना."

टेबलाशी आपण दिसलो नाही, की बाई बिनधास्त लिफ्टनं जातील, एवढा सरळ हिशेब. पण हे बाईंना सांगणार कोण, हे काही काकांच्या ध्यानात आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या जिन्यावर काठी वाजली आणि शेवटच्या पायरीवर बाई त्यांच्यासमोर उभ्या.

"तुम्ही इथे?"

"तुम्ही लिफ्टनं जावं म्हणून."

बाईंचा चेहरा लाल झाला. "म्हणजे सगळ्या बिल्डिंगला कळलंय."

"जिन्याचं मावशींना ठाऊक आहे. त्यामागचं कारण मला एकट्याला."

"कोरं पाकीट समोर ठेवून चार दिवस बसले होते, काका," बाई हळूच म्हणाल्या. "लाज वाटली हो."

काकांना वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त रागच आला. "पाकिटं देणारे सत्तावीस आहेत, बाई. वाचून दाखवणारं कोण आहे मला? त्या पुलाचं काय झालं, दहा दिवस पत्ता नाही."

"सगळं गाव बोलतंय की!"

"कुणी विषय काढला की मी उठून जातो. तुमच्याशिवाय ऐकायचं नव्हतं."

फाटकापाशी इमारतीची रद्दी रचलेली होती. काका वाकले आणि वकिलांचे दहा दिवसांचे पेपर उपसून काढले. बाईंनी पिशवीतून चष्मा काढला, तारखेनुसार पेपर लावले आणि गठ्ठा काखेत मारला.

"इथे गार आहे. पुढे चला, आपल्या जागेवर."

मिशीवाल्यानं मुकाट्यानं खुर्ची सोडली. टेबलापाशी दोघं-तिघं पाकिटं घेऊन उभे होते. बाईंनी त्यांना मान लववली, खुर्ची ओढून ऐसपैस बसल्या आणि पहिला पेपर उघडला. एकानं पाकीट पुढे केलं.

"जरा थांबा," काका त्याला म्हणाले, "बाई वाचतायत."