संवाद नसलेली माय

"तुम्हाला मेकअपची गरजच नाही," मॅडम म्हणाल्या. "देवानं आधीच करून पाठवलंय."

कारंज्याच्या आमच्या महिला मंडळाची तालीम चालली होती. सगळ्या हसल्या. मीही हसले. सगळ्यात मोठ्यानं मीच. काळ्या माणसाला ती सवय लहानपणापासूनच लागते.

मॅडम मंडळाच्या अध्यक्षा. नाटक त्यांनीच लिहिलेलं. हॉलिवूडच्या जुन्या काळातली एक मोठी नटी. ती गोरी, आई हिंदुस्थानातली, काळी. हे लोकांना कळलं तर कामं जातील, म्हणून पाहुण्यांसमोर ती आईला मोलकरीण म्हणायची. आईनं चहाचा ट्रे आणायचा, ठेवायचा, निघून जायचं.

नटी झाली डॉक्टरांची सून. तिचा झगा शिवला मी. आणि आई झाले मी.

घरी नवऱ्यानं विचारलं, "काय वं, हिरोइन झाली का?"

"हिरोइनची माय झाली. डायरेक्ट बढती!"

तालमीत कप रिकामे असत. मग मॅडम म्हणाल्या, ट्रे हातात आहेच, तर खरा चहाच आणत जा. तेव्हापासून तालीम संपायची, माझा चहा काही संपायचा नाही.

एकदा धीर करून विचारलं, "मॅडम, हे माय काहीच काहून बोलत नाही?"

"तिला इंग्रजी कुठं येत होतं?"

"पण नाटक तर मराठीत हाय."

मॅडम गोड हसल्या. "अहो, गप्प राहण्यातच तुमचा अभिनय आहे."

प्रयोगाच्या दिवशी मध्यंतरात मॅडम घाईनं आल्या. "वेशातच आहात. पहिल्या रांगेत चहा देऊन या."

मी गेले. दुसऱ्या रांगेत माझी पोरगी बसली होती, कॉलेजच्या मैत्रिणीसोबत. मैत्रिणीनं विचारलं, "ह्या कोण गं?"

पोरीनं मोबाईलात मान घातली. "मंडळातल्या कामवाल्या आहेत."

मी पहिल्या रांगेतला शेवटचा कप दिला आणि ट्रे घेऊन आत गेले.

पडदा उघडला. पाहुण्यानं विचारलं, "ही बाई कोण?" नटी म्हणाली, "आमची मोलकरीण." इथं मी निघून जायचं होतं. मी ट्रे खाली ठेवला. सोफ्यावर बसले. नटीच्या शेजारी, टेकून.

"मी इची माय होय," मी म्हटलं. "मले बोलता येते."

आतून मॅडम ओरडल्या, "पडदा पाडा! नाटकाचं वाटोळं केलं हिनं!" पडदा पडला, तरी मी बसूनच होते.

घरी जाताना पोरगी मोबाईल बघत पुढं पुढं चालत होती.

मंडळातून यंदा निरोप आला. भूमिका आहे, छोटीच. मी सांगितलं, "संवाद असतील तं येतो. चहा ज्याचा त्यानं घ्यावा."

आणि रविवारी पोरीच्या त्या मैत्रिणीला मी जेवायला बोलावलंय. पोरगी चिडली, "काहून बोलावलं?"

दार मीच उघडणार. मी कोण, ते मीच सांगणार. चहा पोरगी आणेल.