सगुणाबाईंनी लपवलेलं दुखणं

भोंगवलीच्या सगुणाबाईंनी तापावर सुई घेतली आणि दोन दिवसांत त्यांचे डोळे पिवळे झाले, लघवी काळ्या चहासारखी होऊ लागली. पुण्याच्या दवाखान्यात रक्त चढवायचं ठरलं, तर एकही पिशवी जुळेना. डॉक्टर त्यांच्या सुनेला, सुलक्षणाला, सारखं विचारायचे, "सुई कसली होती?" सासूबाईंचं उत्तर एकच, "पांढरी व्हती." शेवटी वैतागलेली सुलक्षणा एसटीनं गावी जाऊन तिथल्या डॉक्टरकडून औषधाचं नाव लिहून घेऊन आली.

त्या औषधामुळेच अंगातलं रक्त नासत होतं आणि पिशवीही जुळत नव्हती. डॉक्टरांनी ते पुन्हा कधीच घ्यायचं नाही असं बजावलं आणि त्यातल्या त्यात जुळणारं रक्त हळूहळू चढवलं. नर्स घटकेघटकेला ताप आणि नाडी बघत होती. चौथ्या दिवशी सगुणाबाई उठून बसल्या आणि सहज म्हणाल्या, "गेल्या साली बी त्याच डाक्टरची सुई घेतली, तवा डोळं असंच पिवळं झालं व्हतं."

"मग बोलला का न्हाई तुमी?" सुलक्षणा ओरडलीच.

"तुझं बाळंतपण जवळ आलं व्हतं. तुला कशाला घोर लावायचा?"

सुलक्षणाला धड रागावताही येईना. तिनं एका कार्डावर औषधाचं नाव मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि सासूबाईंच्या पिशवीत कोंबलं. "कुठल्याबी डाक्टरला आधी हे दाखवायचं. आता काय बी लपवायचं न्हाई."