एफच्या बटणावरची टिकली

कॉम्प्युटरचा पडदा वाचताना डॉसमास्तर दोन्ही हात पाठीमागं बांधून उभे राहायचे. "हात मोकळे असले की बटणं दाबत्यात, ताई. आधी वाचू द्या," म्हणायचे. मूळचे भोंगवलीचे. भोरला त्यांचा कॉम्प्युटरचा क्लास होता. विंडोज आलं, मुलं गेली, क्लास बंद पडला, पण या हट्टी माणसानं विंडोजच्या आधीचं, एकेक कमांड टाइप करून चालवायचं डॉस काही सोडलं नाही.

वेल्ह्याजवळच्या दूध शीतकरण केंद्रात मी ऑपरेटर आहे. दूध गार ठेवणारी यंत्रणा अजून जुन्या डॉसच्या कॉम्प्युटरवर चालते. तो प्रोग्राम लिहिणारी कंपनी कधीच बुडाली, आणि प्रोग्रामची जादा प्रत ठेवलेल्या फ्लॉप्यांना इथल्या ओलीनं बुरशी आली. प्रोग्राम गेला, तर वाड्यावस्त्यांवरून आलेलं सगळं दूध टाकीतच नासणार. वीज गेली की कॉम्प्युटर हमखास रुसायचा आणि मास्तर भोरहून एसटीनं यायचे.

कमांडांच्या खोड्या त्यांना सोयऱ्यांच्या खोड्यांसारख्या पाठ होत्या. त्यातली सगळ्यात वाईट चेकडिस्कची. नुसती दिली, की ती डिस्क तपासून सांगते. पुढं तिरकी रेघ आणि एफ जोडला, की दुरुस्त करायला घेते. "आपल्या ह्या डॉसात त्या दुरुस्तीतच दोष हाय. हितल्या मापाची डिस्क घावली की समदं खाऊन टाकती. तिला बघू द्यायचं, हात लावू द्यायचा न्हाई." एवढ्यावर भागलं नाही. माझ्याकडून एक लाल टिकली मागून घेतली आणि एफच्या बटणावर चिकटवली. "आता इसराल कशा?" मला हसू आवरेना.

गेल्या वर्षापासून मात्र मला धास्ती वाटू लागली. चहा पिऊन कप खाली ठेवायचे आणि विचारायचे, "आज चहा न्हाई व्हय?" एकदा चालू कॉम्प्युटरपुढं उभे राहून म्हणाले, "ह्यो चालू का होईना?" मी थट्टेवारी नेलं.

परवा सकाळी विजेनं पुन्हा दगा दिला. टाक्या भरलेल्या, बाहेर कॅन घेऊन माणसं उभी. मास्तर आले. हात मागं बांधलेच नाहीत, तडक खुर्चीत बसून टाइप करू लागले. चेकडिस्क. तिरकी रेघ. मग बोट टिकलीवर अडलं. नखानं ती खरवडत त्यांनी चिडून विचारलं, "ही घाण कुणी लावली हितं?"

मी त्यांचं मनगट धरलं. "मास्तर, तुम्हीच लावलीय. एफ दाबायचा नाही."

त्यांनी टिकलीवरून बोट उचललं. मग उठले आणि दोन्ही हात पाठीमागं बांधले. "माझं काय खरं न्हाई आता, ताई. मला हितं बसू देऊ नका."

त्यांनीच शिकवलेलं मी माझ्या हातानं केलं आणि यंत्रणा सुरू झाली. मला रडू येत होतं. मागं वळले तर मास्तर दारात उभे.

"ताई," ते हळूच म्हणाले, "भोरची गाडी कुठं लागती?"

इतकी वर्षं ते एकाच थांब्यावरून भोरला जात होते. मी त्यांना सोडायला निघाले. थांब्यापर्यंत त्यांनी हात पाठीमागून सोडले नाहीत.