नवसाची कुल्फी

आता तुमच्यापासून काय लपवायचं? शहाणा माणूस म्हणून आमच्या घराण्यात माझं नाव आहे. ते कसं टिकलंय, हे माझं मलाच ठाऊक. चहा घ्या, सांगतो.

माझा धाकटा भाऊ एचआयव्हीने गेला. त्याची बायको सुनंदा कळवणला राहायची. तिलाही तोच आजार. औषधं सुरू होऊन बरेच महिने झाले होते, पण ती लागू पडतायत का, हे कळायला रक्तातले विषाणू मोजावे लागतात. लागू पडत नसतील तर औषधं बदलायची, आणि तेव्हा बदलायला फारसं काही नव्हतंच. भावाच्या वेळी अशी तपासणी असते हेसुद्धा आम्हाला माहीत नव्हतं.

रक्त नाशकात काढायचे, मोजायचं यंत्र मुंबईला. नेणारा माणूस नेमका त्या दिवशी आजारी. मी म्हटलं, मी नेतो. शिकलेला ना मी! लॅबमधल्या बाईंनी रक्ताची नळी कापसात गुंडाळून, बर्फाच्या पिशव्यांमध्ये ठेवून थर्माकोलचा डबा बांधून दिला. वर दोनदा बजावलं, गार राहू द्या, पण गोठू देऊ नका. सुनंदाची शीर लवकर सापडत नाही. दोन्ही हात टोचून घेऊन ती बिचारी कळवणच्या गाडीत बसली.

एसटीत माझ्या शेजारी देवळाली कॅम्पचे एक मिठाईवाले. मांडीवरच्या डब्याकडे बघत त्यांनी विचारलं, "काय नेताय, साहेब?"

एचआयव्हीचं रक्त म्हणालो असतो, तर अर्धी एसटी घाटातच उतरली असती. तोंडाला आलं ते बोललो. "कुल्फी."

एवढ्या मोठ्या जगात मला कुल्फी सुचावी, आणि तीही मिठाईवाल्यासमोर!

गृहस्थ खुलले. मलई की पिस्ता, दूध किती आटवलं, सगळी चौकशी झाली. मग म्हणाले, एक काढा की, चव बघू. मी डबा छातीशी धरला.

"नको हो. नवसाची आहे."

त्यांनी डब्याला हात जोडले. मला वाटलं, सुटलो. कसलं काय? आता त्यांना नवसाची काळजी लागली. नुसत्या बर्फावर कुल्फी मुंबईपर्यंत टिकते होय? इगतपुरीला गाडी थांबताच ते उतरले आणि बर्फाचा चुरा अन् मीठ घेऊन आले. बर्फात मीठ घातलं की काय होतं, हे शाळकरी पोरालाही माहीत असतं. मलाही होतं. लॅबच्या बाईंचे शब्दही आठवत होते. पण कुल्फी गोठू देऊ नका, हे कोणत्या तोंडाने सांगणार? आतली पुडी सोवळ्यातली आहे, हात लावू नका, एवढं म्हणण्याचं प्रसंगावधान मात्र दाखवलं. त्यांनी भक्तिभावाने पुडीभोवती बर्फ आणि मीठ ठासून भरलं, आणि दादरला उतरेपर्यंत डब्यावरचा हात काढला नाही.

मुंबईच्या लॅबमध्ये डबा उघडला. आत लालभडक कांडी. तिथल्या मॅडमनी ती उजेडात धरली, मग मला न्याहाळलं.

"यात मीठ कुणी घातलं?"

मी सगळं खरं सांगितलं. त्या तोंडावर रुमाल धरून हसल्या आणि मग समजावू लागल्या. असं रक्त गोठलं की त्यातल्या पेशी फुटतात, मोजणी भरवशाची राहत नाही. गोठवायचंच तर आधी ते यंत्रात फिरवून वरचं पिवळसर पाणी वेगळं काढावं लागतं. थोडक्यात, नवीन रक्त आणा.

सुनंदा पुन्हा कळवणहून आली. पुन्हा दोन्ही हात टोचले. मी मान खाली घालून झालं ते सांगितलं. या खेपेला लॅबचा माणूस मुंबईला गेला. मला चहा आणायला पाठवलं.

रिपोर्ट आला. यंत्राला मोजता येतील एवढेही विषाणू सापडले नव्हते. औषधं लागू पडली होती, तीच चालू ठेवायची. सुनंदाने रिपोर्ट हातात घेतला, पदराने डोळे पुसले. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, "बघ, झालं ना सगळं नीट?"

"व्हय. पण दादा, या टायमाला तुम्ही नाय नेलं ते लय बरं झालं," ती म्हणाली. "नायतर मला जन्मभर वाटलं असतं, औषधानं कुठले, ते तुमच्या डब्यात गारठूनच मेले."